गेजकाकांचा ससा

गेजकाकांच्या सदऱ्याच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असे आणि घरी आल्यावरही ती खिशातच राही. त्या पट्टीने त्यांनी एकदा माझी पोळी मोजली होती. मी नुकतीच लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आले होते आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या या जोडप्याला पहिल्यांदाच जेवायला बोलावलं होतं. काकांनी पट्टी पोळीवर आडवी ठेवली, मग उभी ठेवली. "पाव इंचाचा फरक आहे बेटा. पोळीला चालेल. तोफेला चालला नसता."

तोफांच्या कारखान्यात तयार होणारा प्रत्येक भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसवून तपासायचा, हे त्यांचं काम. नाव त्यावरूनच पडलं. एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या खिडक्यांना काळे कागद लागले आणि त्याच कारखान्यात असलेल्या आमच्या यांच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या झाल्या. त्या धांदलीत काकांनी एक दिवस गाडाभर माल परत पाठवला. फोरमन ओरडला, "लढाई चालू आहे, आणि तुम्ही माल परत करता?" काका म्हणाले, "म्हणूनच परत करून राहिलो."

लढाईच्या तोंडावरच काकूंना टायफॉइड झाला होता. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, आता काहीही चालेल, फक्त खाल्लं पाहिजे. मी मऊ भात नेई, दुसरी कोणी सूप आणी. ताट जसंच्या तसं परत येई. काकूंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. एका सकाळी मी त्यांची वेणी घालत असताना त्या पुटपुटल्या, "बाबा शेतातून ससा आणायचे. त्याचा रस्सा असता, तर खाल्ले असते दोन घास."

काका दाराशी बूट घालत होते. ते एक बूट पायात आणि एक हातात, तसेच उभे राहिले.

बाजारात ससा मिळेना. शेवटी महाराजपूरच्या पलीकडे मटारच्या शेताची राखण करणारे एक म्हातारे दद्दा त्यांना भेटले. ससे मटार खाऊन जात, पण दद्दांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती, फास लावता येत नव्हता. "सिखा दैहैं," ते म्हणाले, "हाथ तुम्हारे, अकल हमारी."

फासाला तार हवी होती. कारखान्यात तारेची भेंडोळीच्या भेंडोळी पडलेली, पण काकांनी तिथून कधी खिळासुद्धा घरी आणला नव्हता. त्यांनी भिंतीवरची सासऱ्यांची तसबीर उतरवली आणि तिच्यामागची पितळी तार सोडवली. काकू अंथरुणातून बघत होत्या. "माझ्या बापाला खाली उतरवलं," त्या म्हणाल्या, "आता ससा तरी आणा." मग मला हळूच म्हणाल्या, "तू जा गं त्यांच्यासोबत. कुठं पडले तर सांगायला कोणी पाहिजे."

म्हणून पहाटेच्या धुक्यात मी शाल गुंडाळून त्या शेताच्या बांधावर उभी राहू लागले. कुंपणाखाली गवत दबून सशांची वाट पडली होती. दद्दांनी मूठ दाखवली: एवढा फास. मुठीवर अंगठा उभा केला: जमिनीपासून एवढा वर. काकांनी लगेच पट्टी काढून म्हाताऱ्याची मूठ मोजली आणि वहीत आकडा लिहिला.

पहिल्या सकाळी फास रिकामा. दुसऱ्या सकाळी काकांचाच पाय त्यात अडकला आणि ते पाणी दिलेल्या मटारात आडवे झाले. चष्मा मी शोधून दिला. तिसऱ्या दिवशी सशानं फासाच्या शेजारी बसून शेंगा खाल्लेल्या दिसल्या.

"काहून?" काका वैतागले. "माप तर बरोबर आहे!"

दद्दांनी काकांचा हात स्वतःच्या नाकाशी नेला. "मसीन को तेल महकत है. खरगोश नाक से देखत है, बाबूजी. पट्टी धरो जेब में, और तनक लेट के देखो."

पन्नाशी उलटलेले गेजकाका ओल्या मातीत पालथे झाले. सशाच्या उंचीवरून ती वाट बघत बराच वेळ पडून राहिले. उठले तेव्हा मिशीला दहिवर लागलं होतं आणि चेहरा एखाद्या पहिलीतल्या मुलासारखा खुलला होता. "बेटा, खालून सगळंच वेगळं दिसतं! फास तर मला लख्ख दिसून राहिला, त्याला दिसणार नाही?" त्यांनी हात मातीनं आणि मटारच्या पाल्यानं चोळले, तार धुरावर काळी केली, फास लपेल अशा दोन काड्या रोवल्या. कशालाच पट्टी लावली नाही.

नवव्या दिवशी ससा सापडला. जिवंत होता, धडपडत होता. काका त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसले. दद्दा म्हणाले, "मुँह फेर लो, बाबूजी. हम देख लैहैं."

"नाही," काका म्हणाले. "फास माझा आहे." दद्दांनी सांगितलं तसं त्यांनी ते एका क्षणात केलं, आणि मग बांधावर बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

रस्सा त्यांनी स्वतः केला. मला चुलीजवळसुद्धा येऊ दिलं नाही. काकूंना उशीला टेकवून बसवलं, पोळीचा तुकडा रश्शात बुडवून दिला. काकूंनी पहिला घास खूप वेळ चघळला.

"खारट झालाय," त्या म्हणाल्या. आणि दुसरा तुकडा स्वतःच्या हातानं मोडला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि असे हसले, की शेजारच्या क्वार्टरमधून हे झोपेतून उठून धावत आले. त्यांना वाटलं, लढाई संपली.

निवृत्तीनंतर दोघं मुलीकडे नागपूरला गेली आणि काका तिथंच वारले. पुढे यांचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पाच दिवस अन्नाकडे बघेनात. काय खाल, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हिरवे शिंगाडे." मी शिंगाड्यांच्या तळ्यावर गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "दीदी, तोड परसों होगी." मी पदर खोचला आणि म्हटलं, मला होडीत बसवा, मी काढते. काटे टोचून बोटं सुजली, साडी गुडघ्यापर्यंत चिखलात भरली. पण संध्याकाळी यांनी चार शिंगाडे खाल्ले आणि पाचवा मागितला.

हे गेजकाकांना लगेच पत्रानं कळवावंसं वाटलं. कागद काढून 'ती. काका' एवढं लिहिलंही. तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.