लुगड्यांची भिंत

माझा आवाज मोठा आहे. जबलपुरात रांझीच्या फॅक्टरीत सगळी नोकरी मशीनच्या खडखडाटात गेली, तिथं हळू बोललेलं बाजूच्यालाही ऐकू जायचं नाही. मी रिटायर झालो, गळा काही झाला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे. बाकी गोष्ट माझी नाही. ती माझ्या विनतावहिनीची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी हळू बोलायला सांगितलं तरी मी हळू बोलणार नाही.

श्यामसुंदर माझे थोरले भाऊ, आमचे दादा. रेल्वेत होते. चेरीतालला वडिलांनी बांधलेलं बैठं कौलारू घर आहे, तिथं दादा-वहिनी दोघंच राहतात. वहिनी राइट टाउनच्या एका शाळेत शिकवायची. आता शाळा सुटली, स्कूटी सुटली नाही. भाजी, औषधं, बँक, सगळं त्या स्कूटीवर. मग दादांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, व्हीलचेअर आली.

आता आमच्या घराची अडचण अशी, की जोतं उंच आणि संडास-बाथरूम मागच्या अंगणाच्या पार टोकाला. पायऱ्या उतरा, अंगण ओलांडा, परत पायऱ्या चढा. दादांना न्यायचं म्हणजे दोन माणसं लागणार. एक वहिनी. दुसरा मी, पण मी राहतो रांझीला. मी नसलो की वहिनी कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या तुळशीराम पटेलला हाक मारायची. तो बिचारा जेवणावरून उठून यायचा, कधी कुरकुर केली नाही. पण दादांच्या मनाला ते लागलं. त्यांनी काय केलं माहीत आहे? पाणी पिणं सोडलं. दुपारनंतर थेंब घेईनात. वहिनी पेला घेऊन उभी, आणि हे तोंड फिरवून भिंतीकडे. गरज पडायलाच नको, शेजाऱ्याला उठवायलाच नको. लघवीचं इन्फेक्शन झालं, बरं झालं, परत झालं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडनीवर जाईल. मी दादांना ओरडलो. ते रडले. मग मीही रडलो, आणि वहिनी म्हणाली, "झालं का दोघांचं? आता मला विचार करू द्या."

तिनं ठरवलं, दादांच्या खोलीला लागून, जोत्याच्याच उंचीवर, एक बाथरूम काढायचं. मधे रुंद दार. खुर्ची सरळ आत जाईल, उंबरठा नाही, पायरी नाही, कोणाला हाक नाही. जागा एकच होती, घर आणि तुळशीरामची भिंत यांच्यामधली पट्टी. नियमाप्रमाणे सोडायची ती जागा सोडून नकाशा काढला, तो नगर निगममधून पास करून घेतला. मी म्हटलं, चलो, काम झालं.

काम कुठलं झालं. वहिनी म्हणाली, "अम्माला विचारायचं राहिलं."

अम्मा म्हणजे तुळशीरामची आई. नव्वदीला टेकलेली. आमच्या घराच्या उत्तरेला त्यांचं अंगण. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा आमच्या उतरत्या छपरावरून ऊन सरळ त्या अंगणात उतरतं. तिथं भिंतीपासून चार-पाच पावलांवर अम्माची खाट. सकाळचं आवरलं की ती त्या खाटेवर येऊन बसते, गुडघ्यांना तेल लावते, बाजूला कपड्यावर उडदाच्या बड्या वाळत घालते. दिवस कलला की आत. मला वाटायचं म्हातारी आमच्या घरातलं ऐकायला बसते. पण तिला मराठी कुठून कळणार, म्हणून आम्हा सगळ्यांनाच काही वाटायचं नाही. जबलपुरात आम्हा मराठी लोकांची ही जुनी समजूत आहे. दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी, आणि मराठीत बोललं म्हणजे दार लावून बोलल्यासारखं. बाजारात दुकानदारासमोर उभं राहून आम्ही त्याच्या मालाला मराठीत नावं ठेवतो आणि हिंदीत भाव करतो.

तर वहिनी विचारायला गेली. तुळशीराम म्हणाला, "भाभीजी, पूछना क्या, आपका घर है." अम्मा म्हणाली, "बनाओ बेटा, हमें क्या." मी म्हटलं, झालं ना आता? वहिनी परत त्या पट्टीत जाऊन पाहून आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "भाऊजी, तिनं हो म्हटलं, पण कशाला हो म्हटलं ते तिला कुठं दिसलं? नकाशावर ऊन काढलेलं नसतं."

आणि मग तिनं जे केलं ते मी आयुष्यात कुठं पाहिलं नाही. मिस्त्रीला बोलावून, जिथं नवी भिंत येणार तिथं नकाशातल्या उंचीच्या लाकडी बल्ल्या रोवून घेतल्या. ट्रंकेतून आमच्या आईची नऊवारी लुगडी काढली. जुन्या चादरींचं अस्तर लावून ती एकाखाली एक शिवली. आणि ती सगळी पडद्यासारखी बल्ल्यांवर ताणून बांधली. हिरवं, जांभळं, विटकरी. आईची लुगडी हवेत फडफडून राहिली, आणि मिस्त्री डोकं खाजवून राहिला. गल्लीतले लोक विचारायला लागले, "किसकी शादी है?" माझं डोकं फिरलं.

"वहिनी, हे काय करून राहिल्या तुम्ही? वीट लावायची सोडून लुगडी काहून बांधली?"

"भिंत बांधली भाऊजी. पण पाडता येईल अशी. अम्माला दोन-चार दिवस हिच्याजवळ राहून पाहू दे."

मी त्या दिवसांत रोज स्कूटर काढून चेरीतालला यायचो, रागावलेलाच यायचो. वहिनी स्टुलावर उभी राहून भिंतीपलीकडे पाहायची. पहिल्या दिवशी अम्मा नेहमीच्या जागी बसली, तर सावली. तिनं खाट ओढली. सावली तिथंही होती. अजून ओढली, ती पार नळाजवळच्या ओल्यात गेली. तिथं हाताएवढं ऊन होतं, त्यात तिनं बड्या ठेवल्या आणि स्वतः शाल घेऊन सावलीत बसली.  तिसऱ्या दिवशी बाहेर आलीच नाही. तुळशीराम म्हणाला, "अरे भाभीजी, आप मत सोचो, ठंड में बूढ़ों का तो ऐसा ही रहता है."

वहिनी स्टुलावरून उतरली आणि लुगडी सोडायला लागली.

"इथं एवढी उंच भिंत नाही बांधायची," म्हणाली.

मग मात्र मी अंगणात उभा राहून बोललो, आणि माझ्या आवाजाचं मी आधीच सांगितलं आहे. म्हटलं, "दादा घरात पाण्यावाचून वाळून राहिले, आणि तुम्हाला त्या म्हातारीच्या खाटेची पडली? ती नव्वदीची, किती थंड्या पाहणार अजून? परवानगी आहे, नकाशा पास आहे, तिनं तोंडानं हो म्हटलं आहे. तुम्हाला नवरा जास्त का शेजारीण?"

बोललो आणि वाटलं, जास्त झालं. वहिनी लुगड्याची घडी घालत होती. घडी पुरी केली. मग म्हणाली, आणि तीही काही हळू बोलली नाही:

"भाऊजी, हे पाणी काहून पीत नाहीत? तुळशीरामला त्रास नको म्हणून. त्याच तुळशीरामच्या आईचं ऊन घेऊन मी यांना खोली दिली, तर हे त्या खोलीत पाणी पितील असं वाटतं तुम्हाला? मी यांना ओळखते. दार कितीही रुंद करा, हे आत जाणार नाहीत."

आतून दादांचा आवाज आला. जड जिभेनं ते एवढंच म्हणाले, "बरोबर." मी स्कूटर काढली आणि रांझीला निघून गेलो. वाटभर मला वहिनीचा राग येत होता. रांझी आली तेव्हा तो राग माझ्यावर आला होता.

दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. गेलो तर पट्टीत नवीनच प्रकार चाललेला. वहिनीनं मिस्त्रीकडून बांबू लावून घेतले होते, पण तिरपे. म्हणजे आमचं कौलारू छप्पर जसं उतरतं, तसंच ते पुढं उतरत न्यायचं, थेट नव्या भिंतीपर्यंत. नवी भिंत कुंपणापेक्षा जेमतेम वर. त्याच्यावरून ऊन जसंच्या तसं पलीकडे जाणार. टोकाला पन्हाळ, म्हणजे पावसाचं पाणीही अम्माकडे पडणार नाही. पण मिस्त्री हात जोडून उभा होता.

"भाभीजी, उस कोने में सिर लगेगा. आदमी खड़ा ही नहीं हो पाएगा."

"ज्यांच्यासाठी बांधते आहे त्यांना उभं राहायचंच नाही," वहिनी म्हणाली, मग त्याला हिंदीत समजावून सांगितलं. कमोड आणि आंघोळीची खुर्ची दोन्ही त्या ठेंगण्या कोपऱ्यात. दादा बसलेले असणार, त्यांच्या डोक्याला काही लागणार नाही.

मी विचारलं, "आणि त्यांना आंघोळ कोण घालणार?"

"मी."

"मग तुमचं डोकं?"

"मी वाकेन."

नुसतं म्हणून थांबली नाही. त्या उंचीवर तिनं दोरी बांधली, हातात पाण्याची बादली घेतली, आणि दोरीखालून वाकून आत, वाकून बाहेर. परत आत. सवय होते का पाहून राहिली होती. सत्तरीला आलेली बाई, कमरेला पट्टा बांधलेला. बादली हिंदकळली, पाणी साडीवर सांडलं. मी बादली घ्यायला पुढं झालो, तिनं दिली नाही. 

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"विनता, अजून दोन विटा चढव ग. कंबर मोडून घेशील."

वहिनी दोरीखाली वाकलेली होती ती तशीच राहिली. मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं मराठी माणूस आसपास नव्हतं. मग स्टुलावर चढलो. अम्मा तिच्या नेहमीच्या जागी, उन्हात, तेल लावत बसली होती.

वहिनी भिंतीशी आली. म्हणाली, "अम्मा, तुम्हाला मराठी येतं?"

"चालीस साल से दीवार के इस तरफ बैठी हूँ," अम्मा म्हणाली. "बहरी थोड़े ही हूँ." मग माझ्याकडे पाहून, "और तुम्हारे ये देवर तो बहरे को भी सुना दें."

आता सांगा, माणसानं करायचं काय? मी त्या बाईबद्दल त्या अंगणात काय काय बोललो होतो. फक्त मीच नाही, आमच्या घरातली भांडणं, सुनांची उणीदुणी, सगळं तिच्या कानांवरून गेलेलं. आणि तिनं कधी एका शब्दानं दाखवलं नाही. मी स्टुलावरून उतरावं की तिथंच राहावं, कळेना.

अम्मा परत मराठीवर आली. तिचं मराठी आपल्या चालीचं नाही, हिंदीच्या अंगानं जातं, पण अडत नाही. म्हणाली, "त्या दिवशी तू याच्याशी भांडली ना, माझ्या उनासाठी, ते सगळं ऐकलं मी. मी हो बोलली होती, पण मनातून नाही बोलली होती. सोचा था, कौन सुनेगा. मी न बोलता तू ऐकलं." मग खाटेला हात लावून म्हणाली, "माझी खाट इतकी तर सरकते. मी सरकवून पाहिली. दोन विटांची सावली येते, येऊ दे. तू वाकून वाकून पडली, तर श्यामबाबूला कोण पाहणार?"

वहिनी नाही म्हणाली. अम्मा म्हणाली, बांध. वहिनी म्हणाली, तुमचे गुडघे. अम्मा म्हणाली, तुझी कंबर. असं दोघींचं भिंतीच्या दोन बाजूंनी बराच वेळ चाललं, आणि मिस्त्री थापी घेऊन कोण जिंकतं ते पाहत उभा. शेवटी अम्मा जिंकली. वयाचा मान असतो.

भिंत दोन विटा चढली. तरीसुद्धा त्या कोपऱ्यात वहिनीला थोडं वाकावंच लागतं. सुरुवातीला कपाळावर टेंगूळ आलं, तेव्हा तिनं आईच्या विटकरी लुगड्याची गुंडाळी करून छपराखालच्या आडव्या पाइपाला बांधली. आता डोकं लागलं तरी मऊ लागतं. मी म्हटलं, आई अजून तुमचं डोकं सांभाळून राहिली. वहिनी हसली.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. दादा एकदा खुर्चीवरून आत जाऊन आले होते. कोणाला हाक नाही, कोणी उठलं नाही. येताना त्यांनी डाव्या हातानं ती नवी भिंत चाचपून पाहिली, मग विचारलं, "अम्मा?"

"दिवसभर उन्हात होती," वहिनी म्हणाली. "उद्याही असेल."

दिवे लागले. वहिनीनं दादांच्या गोळ्या काढल्या आणि सवयीनं पेल्यात गोळी गिळण्यापुरतं घोटभर पाणी ओतलं. दादांनी गोळी घेतली, घोट संपवला, आणि पेला परत तिच्यापुढं धरला.

"भर," म्हणाले.

वहिनीनं भरला. पिताना थोडं गळ्यावर सांडलं, पण पेला रिकामा होईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही. मग परत पुढं केला.