डावीकडे जाणारा बाण

करुणा तायडे कुणाला टाकून बोलत नसे, पण कुणी बोललेलं विसरतही नसे. ऑस्ट्रेलियातल्या इप्सविचच्या एका वर्कशॉपमध्ये ती तयार झालेले सुटे भाग तपासायची. डायल गेजचा काटा केसभर जरी जास्त सरकला, तरी तो भाग बाजूला. मग समोर फोरमन उभा असो नाहीतर मालक, "हा नाही चालणार," एवढंच बोलायची. नाशिकरोडहून शिकायला आली, पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळाली, स्प्रिंगफील्ड लेक्सला छोटंसं घर झालं. या सगळ्यात बारा वर्षं गेली.

धनुष्य तिच्या हातात दिलं ते यतिनने. युनिव्हर्सिटीत दोघं एका वर्गात होते. यतिन बोलघेवडा, कुठल्याही बार्बेक्यूत दहा माणसं भोवती जमवणारा. गेल्या वर्षी त्याने तिला तिरंदाजीच्या क्लबमध्ये नेलं आणि कंपाऊंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं शिकारीचं धनुष्य, ओढायला शिकवलं. आईला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "नाव करुणा ठेवलं आम्ही, आणि तू जनावरं मारणार?" करुणाने सांगितलं, की इथे रानडुकरं एका रात्रीत उभं पीक नांगरून टाकतात, शेतकरी स्वतःहून बोलावतात. आईला पटलं नाही.

त्यांना बोलावणारी शेतकरीण म्हणजे नोरीन. गॅटन गावाच्या पुढे तिचं शेत होतं. वय सत्तरच्या घरात, नवरा गेलेला, भोपळा आणि मका लावायची, चार गाई पाळायची. जून महिन्यातल्या एका शनिवारी दोघं तिच्याकडे गेले. करुणा ओढ्याच्या बाजूला दबा धरून बसली, यतिन मक्याच्या कडेला. करुणाच्या समोर डुक्कर फिरकलंच नाही. भात्यातले सहाच्या सहा बाण घेऊन ती परत आली. यतिन म्हणाला, "एक मारला मी, चुकला. मक्यात कुठेतरी गेला. जाऊ दे, मेट."

दुसऱ्या दिवशी नोरीनचा फोन आला. आवाज थंड होता. "कुंपणापलीकडे माझं वासरू होतं. आई मेल्यावर बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. तुझा बाण त्याच्या पोटात सापडला. व्हेटला बोलावून इंजेक्शनने मरण द्यावं लागलं त्याला. यतिनने सांगितलं मला सगळं. तू परत येऊ नकोस."

करुणा बोलायला लागली तोवर फोन बंद झाला होता. बाण दोघांचे एकाच खोक्यातले, पिवळ्या पिसांचे. यतिनने आधी फोन करून आपला बाण तिच्या नावावर लावला होता.

तिने यतिनला गाठलं. तो हसला. "अगं, माझं नाव आलं असतं तर क्लबने परवाना अडवला असता. तू नवीन आहेस, तुला माफ करतात. नो वरीज, विसरतील सगळे."

एवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित तिने दोन-चार शिव्या देऊन सोडूनही दिलं असतं. पण पुढच्या आठवड्यात विनिता तिला दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटली. विनिता त्यांच्याच मराठी ग्रुपमधली. गाडीचं दार धरून उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "शनिवारी आमच्याकडे सगळे होते. यतिनने वासराची गोष्ट सांगितली. वर म्हणाला, त्यांच्यात काय, चालतंच. लोक हसले गं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले."

करुणाने पिशव्या डिकीत ठेवल्या. वर्गात, हॉस्टेलवर, पहिल्या नोकरीत, जातीवर बोट ठेवणारं हे वाक्य तिने निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं होतं. ते इथे समुद्र ओलांडून आलं, आणि तेही ज्याच्या शेजारी बसून तिने परीक्षा दिल्या त्याच्या तोंडून. घरी जाताना तिने ठरवलं, की याला नुसता खोटा ठरवून भागणार नाही. जे लोक हसले, त्यांच्यासमोर याला उघडा पाडायचा.

ती नोरीनच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. नोरीन बाहेर आली, पण तिने फाटक उघडलं नाही. करुणाने विचारलं, "व्हेटने बाणाचं टोक काढलं असेल ना? एकदा दाखव."

नोरीनने ते शेडमधल्या एका डब्यात ठेवलं होतं. रुंद, तीन पात्यांचं टोक. करुणाने खिशातून स्वतःचं टोक काढून शेजारी धरलं. अरुंद, दोन पात्यांचं. तिच्याकडे दुसरं कधी नव्हतंच. नोरीनने दोन्ही टोकं उलटून पाहिली आणि यतिनला लावायला फोन काढला.

"आत्ता नको," करुणा म्हणाली. "ऑगस्टमध्ये क्लबचा ब्रॉडहेड डे आहे, शिकारीची टोकं लावून मारायचा. त्या दिवशी हा डबा घेऊन ये."

मधले सात आठवडे तिने एकाच गोष्टीत घातले. शिकारीचं पात्यांचं टोक आणि सरावाचं साधं टोक यांत फरक असतो तो हवेचा. साधं टोक गुळगुळीत. धनुष्यातून बाण किंचित तिरका सुटला तरी मागची पिसं त्याला सरळ करतात. पात्यांच्या टोकाला मात्र पुढेच पंख असतात. तिरका सुटला की ती पाती वारा धरतात आणि बाणाला आपल्याच दिशेने ओढत नेतात. पाती जितकी रुंद, तितकी ओढ जास्त. टोक जरा वाकडं बसलं असेल तर आणखीच. करुणाने आपला प्रत्येक बाण वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या वेळात डायल गेजखाली फिरवून पाहिला. काटा हलला की टोक काढून परत बसवलं. धनुष्यावरचा बाणाचा टेकू ती कागदाच्या जाडीने सरकवत राहिली, दोन्ही टोकं एकाच जागी लागेपर्यंत.

यतिन यातलं काही करत नाही हे तिला माहीत होतं. तो वर्षभर साध्या टोकांनी सराव करायचा आणि शिकारीच्या सकाळी रुंद पाती चढवायचा.

ब्रॉडहेड डेला कोरडा पश्चिमेचा वारा होता. विनिताने त्या शनिवारी आपल्या घरी हसलेले सगळे लोक आणले होते, तेवढं तिने कबूल केलं होतं. मांडणी करुणाने क्लबला सांगून करून घेतली होती. चाळीस मीटरवर फोमचं डुक्कर, आणि त्याच्या डावीकडे थोडा मागे गवताचा एक भारा. नोरीनच्या शेतात जाऊन डुकराची वाट आणि वासराची जागा यांतलं अंतर तिने पावलांनी मोजून आणलं होतं.

यतिनने आधी साधं टोक मारलं. डुकराच्या खांद्यात बरोबर मध्ये. टाळ्या पडल्या.

"आता शिकारीचं लाव," करुणा म्हणाली. "तीन पात्यांचं. तुझं नेहमीचं."

बाण अर्ध्या वाटेपर्यंत नीट गेला, मग डावीकडे कलला आणि भाऱ्यात घुसला. यतिन म्हणाला, वारा आहे. दुसरा मारला. तोही भाऱ्यात. तिसऱ्याच्या वेळी त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तोही तिथेच गेला.

करुणा पुढे आली. त्याच वाऱ्यात तिने तीन बाण सोडले. तिन्ही डुकराच्या खांद्यात, तळहाताएवढ्या जागेत.

मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या दिवशी डुक्कर इथे होतं. भारा आहे तिथे वासरू होतं. नोरीन, डबा दे."

नोरीनने टोक यतिनच्या तळहातावर ठेवलं. "माझ्या वासराच्या पोटातलं आहे. तुझंच ना हे?"

यतिनने लोकांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. "सॉरी यार," तो मराठीत म्हणाला, "मस्करी होती ती."

"कुठली?" करुणाने विचारलं. "वासराची, की आमच्यात चालतं ती? मोठ्याने सांग. विनिताच्या घरी सांगितलीस तशी."

ती थांबून राहिली. शेवटी त्याने मान खाली घातली आणि धनुष्य केसमध्ये घालायला लागला. ते बंद होईपर्यंत ती तिथून हलली नाही. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते बघताना तिला बरं वाटलं, याची तिला लाज वाटली नाही.

नोरीनने त्याला शेतात पाय ठेवायला मनाई केली. क्लबने चौकशी लावली, त्याआधीच तो क्लब सोडून गेला. करुणासाठी फाटक उघडलं. सप्टेंबरात तिने मक्याच्या कडेला पहिलं डुक्कर पाडलं, एका बाणात.

नोव्हेंबरात यतिनचा मेसेज आला. सरावाला दुसऱ्या रेंजवर जातो आहे, तीन धनुष्यं बदलली, बाण अजून डावीकडेच जातात. "तुला कळलंय ना काय चुकतंय? प्लीज सांग."

धनुष्य कुठलंही असो, त्याच्या हातासाठी टेकू उजवीकडे अगदी थोडा सरकवायचा होता. दोन मिनिटांचं काम. करुणाने मेसेज वाचला, त्याला वाचल्याच्या निळ्या खुणा दिसू दिल्या, आणि फोन उपडा ठेवून चहा प्यायला घेतला.