मामांचं ‘टाइट’

यवतला हायवेच्या कडेला माझा एसटीडी बूथ होता आणि शेजारीच सलीममामांचं गॅरेज. मामांच्या तोंडी सदा एकच शब्द. नट टाइट, चहा टाइट, सुनेनं केलेलं कालवण टाइट. पैलवान दिसला की "काय टाइट गडी हाय!" आणि कुणी पिऊन रस्त्यात पडलेला असला तरी "आज टाइट झालाय गडी." त्यातलं कौतुक कुठलं, हे आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

नव्या माणसाला कळत नसे.

वडिलांची मेंढरं विकून गावातल्या धनाजीनं जीप घेतली होती. एका संध्याकाळी मामांकडून ब्रेक नीट करून घेऊन तो निघाला आणि चौकातच सायकलवरचा एक दूधवाला अचानक आडवा आला. जीपचा धक्का लागून दूधवाला डोक्यावर आपटला, बेशुद्ध पडला. गर्दी जमली. नवे हवालदार मामांकडे वळले.

"तुमच्याकडूनच निघाला ना? कसा होता ड्रायव्हर?"

"एकदम टाइट, साहेब!" मामा ठासून म्हणाले.

"प्यालाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोकांनी धनाजीला कॉलर धरून जीपमधून खाली ओढलं.

मामांना आधी उमगेना. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साठी उलटलेला तो माणूस गर्दीत घुसला आणि धनाजीला मिठी मारून उभा राहिला. गुद्दे त्यांच्या पाठीत बसू लागले.

"आरं, टाइट म्हंजी चांगला! सावध! त्यो दारूला शिवत न्हाई! तोंडाचा वास घ्या त्याच्या!"

ऐकतंय कोण? हवालदारांनी कसंबसं दोघांना बाहेर काढलं. धनाजी रात्रभर चौकीत होता, मामा बाहेर पायरीवर. डॉक्टरांनी तपासून दारू नसल्याचं सांगितलं. सकाळी दूधवाला शुद्धीवर आला आणि "मीच आडवा आलो" म्हणाला, तेव्हा कुठं धनाजी सुटला.

त्या दिवसापासून मामांनी तो शब्द टाकला. नट आवळला की नुसतं "बसला" म्हणत. चहाचा घोट घेऊन काहीतरी शोधल्यासारखे थांबत आणि "बरा हाय" म्हणत.

एकदा धनाजीच म्हणाला, "मामा, म्हणा की पहिल्यासारखं. मला राग न्हाई."

"तुला न्हाई, पोरा. मला येतो."

काही वर्षांनी मामा गेले. धनाजी कब्रस्तानापर्यंत आमच्याबरोबर होता. त्यांच्यात जनाज्याला सगळेच आळीपाळीनं खांदा देतात. धनाजी जागा सोडेना, तेव्हा मामांचा मुलगा हळूच म्हणाला, "भाऊ, दुसऱ्यांनाबी द्यावा लागतो."

धनाजी बाजूला झाला. डोळे पुसत पुढं पळाला आणि जनाज्याला पुन्हा खांदा दिला.