खडीवर उरलेला थर

आम्ही स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ हटवायचं यंत्र, घेतोय असं एजवेअरच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं, इंग्लंडमध्ये? इथे इंचभर स्नो पडला की ट्रेन्स कॅन्सल होतात आणि दुपारी सगळं वितळून जातं. त्यापेक्षा एक चांगलं फावडं घे. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच!"

ती बिचारी एजवेअरच्या बाहेर फारशी जात नाही. आमचा डोंगर तिनं पाहिलेला नव्हता. नवऱ्याला घरून काम करायची मुभा मिळाल्यावर आम्ही बेसिंगस्टोकचा फ्लॅट विकला आणि बक्स्टनच्या वर, दगडी कुंपणांच्या मुलखात हे घर घेतलं. खिडकीतून दिसणारा देखावा कॅलेंडरवर छापावा असा. पण रस्त्यावरच्या गेटपासून घराच्या दारापर्यंत खडीचा लांब, चढा ड्राइव्हवे आहे. कौन्सिलची ग्रिटची गाडी खालच्या रस्त्यावरून मीठ टाकत जाते. गेटच्या आत काय होईल ते तुमचं तुम्ही बघा.

मागच्या हिवाळ्यात काय झालं ते सांगायला हवं. बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, लगेच नीघ, असा पुण्याहून भावाचा फोन आला आणि त्याच वेळी बर्फ सुरू झाला. नवरा सकाळपासून फावड्यानं वाट मोकळी करत होता आणि वारा ती पुन्हा भरत होता. टॅक्सीवाला खालूनच परत गेला. आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा विमान गेलं होतं, आणि मी पुण्यात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाबांचं तोंडसुद्धा मला पाहायला मिळालं नाही.

मी दरवेळी पुण्याहून निघायचे तेव्हा बाबा माझी बॅग उचलायचे. स्कूटरच्या अपघातापासून त्यांचं उजवं पाऊल बाहेर वळलेलं होतं. मी नको नको म्हणायचे, आणि ते "गाडीपर्यंत येतो ना," म्हणत जिना उतरायलाही लागलेले असायचे. त्या बर्फाला मी अजून माफ केलेलं नाही. बर्फावर काय रागवायचं, असं नवरा म्हणतो. मी रागावते.

तर यंत्र म्हणजे वरातीमागून घोडं, हे मला कळत होतं. पण या वर्षी मला दिवस गेले होते, तारीख जानेवारीतली होती आणि हॉस्पिटल डोंगर उतरून पलीकडे. बाळंतपणासाठी पुण्याहून आई आली होती. वेळ येईल तेव्हा मला या दारापासून त्या गेटपर्यंत पोचता यायला हवं, एवढीच आमच्या घरात चिंता होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आई आल्यापासून शांत होती. एकदा डिंकाच्या लाडवांसाठी कणीक भाजता भाजता, मी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "पीठ कोरंच राहिलं गं."

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी दिवा लावतात, खाली पीठ पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघायचं. पक्ष्याचा पंजा, गाईचं खूर, माणसाचं पाऊल, ज्याचा ठसा उमटेल त्या जन्माला माणूस गेला असं समजायचं. बाबांच्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं.

"मुंगीसुद्धा फिरकली नाही," आई म्हणाली. "तेव्हाच मला कळलं, हे अजून निघालेलेच नाहीत. तू यायची राहिली होतीस ना."

मी चिडले. गरोदर बाईसमोर असं बोलतात का, म्हणाले. आईनं गॅस बारीक केला आणि कणीक ढवळत राहिली.

नोव्हेंबर संपता संपता पहिला बर्फ पडला. सकाळी उठले तर आई पुढच्या खिडकीशी शाल घेऊन उभी. बाहेर आवाज म्हणून नव्हता. बर्फ पडल्यावर इथे अशी शांतता होते की आपल्याच कानात काहीतरी वाजायला लागतं.

"हे आले होते," आई म्हणाली.

ड्राइव्हवेवर पावलांची एकच रांग होती, गेटपासून आमच्या दारापर्यंत. वरून बर्फ भुरभुरल्यानं कडा मऊ झाल्या होत्या, त्यामुळे ठसे बुटांचे की चपलांचे ते कळत नव्हतं. उजवं पाऊल दरवेळी बाहेर वळलेलं होतं. परत जाणारी पावलं नव्हती.

"पोस्टमन असेल," मी म्हणाले.

"तो आलाय कुठे अजून? आणि गेला कुठून? उडून?"

नवरा बाहेर जाऊन घराभोवती फिरून आला. हिरवळीवर, मागच्या अंगणात, कुंपणापाशी, कुठेही खूण नव्हती. तो संगणकाचा माणूस आहे. कशालाही कारण असतं असं त्याचं म्हणणं, पण त्या दिवशी कारण न सांगताच तो कॉफी करायला गेला. तेवढ्यात आई कपड्यांची निळी प्लास्टिकची बास्केट घेऊन बाहेर गेली आणि उंबऱ्याजवळच्या शेवटच्या पावलावर तिनं ती पालथी घातली. दुपारी पोस्टमन आला, बास्केटला वळसा घालून पत्रं टाकून गेला. मला हसू यायला हवं होतं. पण मी पडदा ओढला आणि अंधार पडेपर्यंत पुढच्या खोलीत गेले नाही.

त्याच आठवड्यात आम्ही यंत्र बघायला खालच्या गावात गेलो. गवत कापायची यंत्रं, चेनसॉ वगैरे विकणारं दुकान. नवऱ्यानं आधी पुष्कळ अभ्यास केलेला. त्याच्या मनात बॅटरीवर चालणारं हलकं यंत्र होतं. आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही, आणि वेळ पडली तर आईंनाही ढकलता येईल, हा त्याचा मुद्दा. हे ऐकून आईनं त्याच्याकडे पाहिलं ते मी बघितलं.

दुकानाची मालकीण ठसठशीत बाई होती. तिनं एकच विचारलं, ड्राइव्हवे डांबरी आहे की खडीचा? खडीचा म्हटल्यावर तिनं ते हलकं यंत्र सरळ बाजूला सारलं. याची पाती जमिनीला घासून चालतात, म्हणाली. बर्फाबरोबर खडी उचलेल आणि गोळीसारखी फेकेल, खिडकी तरी फुटेल नाहीतर डोकं तरी. मग तिनं पेट्रोलवरचं मोठं यंत्र दाखवलं. त्यात पुढचा मोठा फिरता स्क्रू बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो नळकांड्यातून लांब फेकतो. दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पट्ट्या असतात, त्या वरखाली करता येतात. खडीवर चालवायचं तर यंत्र थोडं उचलून ठेवायचं, म्हणजे खडीला धक्का लागत नाही. दोरी ओढायला नको, वायर लावून बटण दाबलं की सुरू. आमच्या ड्राइव्हवेच्या मानानं ते यंत्र म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण नवरा प्रेमात पडल्यासारखा त्याच्याभोवती फिरत होता.

"काय म्हणाली ती?" आईनं मला विचारलं. मी थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे सगळा बर्फ नाही जात?"

"नाही. खाली बोटभर थर राहतो."

"सारखा? सपाट?"

मी मालकिणीला विचारलं. ती म्हणाली, हो, अगदी सपाट, फक्त निसरडा असतो म्हणून चालताना जपायचं.

"पसरलेल्या पिठासारखा," आई मराठीत म्हणाली. मग जावयाकडे वळून, "अहो, हेच घ्या. दुसरं बघूच नका."

सासूबाईंना यंत्रातलं कळतं म्हणून नवरा खूश. मी मात्र वळून आईकडे बघितलं. तिला काय हवंय ते मला लख्ख कळलं होतं. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण मला भीती वाटत होती तितकंच मलाही ते हवं होतं. आईनं निदान त्यांना नेताना पाहिलं होतं.

त्यानंतर बर्फ पडला की आमच्या घरात एक विचित्र क्रम सुरू झाला. नवरा गाडी खाली गेटपाशीच ठेवायचा, कारण त्या थरावरून ती चढली नसती. मग यंत्र लावून मला चालण्यापुरती वाट करायचा. तो आत आला की आई इल्फर्डच्या देशी दुकानातून मागवलेली केरसुणी घेऊन बाहेर पडायची आणि गेटपासून उलटी चालत, त्याची आणि स्वतःची पावलं पुसत दारापर्यंत यायची. चार वाजताच अंधारून येतं इथे. त्या निळसर उजेडात वाकून मागे मागे सरकणारी आई खिडकीतून बघताना माझ्या पोटात बाळ हललं की मी दचकायचे.

सकाळी थर तसाच असायचा. "कोरा," आई म्हणायची आणि चहा टाकायची. असं बरेचदा झालं. शेवटी तिनं केरसुणी जिन्याखाली ठेवून दिली आणि बाळाच्या दुपट्यांना टाके घालत बसली. तिचं ते हरणं मला बघवेना.

मला कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळ होती, आणि नेमका त्याच वेळी मोठा बर्फ. बाहेर कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. मागच्या वर्षीची सकाळ परत आल्यासारखी वाटली आणि मी रडायला लागले. हॉस्पिटलला फोन केला, त्यांनी लगेच निघा म्हणून सांगितलं. नवऱ्यानं बटण दाबलं. गॅरेजमधून ते धूड गुरगुरत बाहेर आलं, आणि बर्फाचा फवारा बाजूला उडवत तो खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. वाट झाली. तोवर बर्फ थांबलाही होता. त्यानं खालूनच हात केला आणि गाडीच्या काचा खरवडायला लागला.

आईनं माझा दंड धरला. आम्ही दोघी पाऊल जपून टाकत उतरत होतो. यंत्र बंद झालं होतं. अर्ध्यात कळ आली म्हणून मी थांबले, आईही थांबली.

मागे बर्फ करकरला. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा. एक पाऊल नीट पडलेलं, दुसरं किंचित ओढलेलं.

आईची बोटं माझ्या दंडात रुतली. "मागे वळून बघू नकोस," ती हळूच म्हणाली. "स्मशानातून येताना बघत नाहीत. चल."

मी स्मशानाच्या वाटेनं कधी आलेच नव्हते. मी वळले नाही. गाडीत मागे बसले, माझ्या शेजारी आई. ती बसताना जरा जास्तच आत सरकली, दाराशी जागा सोडून, आणि दार काही वेळ तसंच उघडं ठेवलं.

मुलगी झाली. सगळं नीट झालं. गडबडीत बाळाच्या कपड्यांची बॅग दारातच राहिली होती, ती आणायला नवरा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी गेला. परत आला तेव्हा त्यानं बॅग पलंगाशी ठेवली आणि बाळाकडे न बघता आईकडे बघितलं.

"आई, काल तुम्ही दोघीच खाली आलात ना?"

"हो."

"नंतर काही स्नो पडलेला नाही. तुमची पावलं दिसतात, माझे बूटही ओळखू येतात. पण अजून एक रांग आहे. दारापासून गाडी उभी होती तिथपर्यंत. पुढे नाही, आणि परतही आलेली नाही."

वॉर्डाच्या चकचकीत फरशीवर त्यानं, कुणी काही विचारलेलं नसताना, आपलं उजवं पाऊल बाहेर वळवून ठेवलं.

मी बाळाला जवळ घेतलं. मला भीती वाटली नाही, एवढंच आठवतं. आईनं पदर डोळ्यांना लावला. मग विचारलं, "वर जाताना मशीन लावलंत?"

"नाही," तो म्हणाला. "मी कडेकडेनं गेलो."