हळदीकुंकवाला गेलेला पाठिंबा

सुलक्षणा घाडी बोरिवलीतल्या आपल्या दोन खोल्यांत पोळीभाजीचे डबे करायची. सासऱ्यांची गिरणी बंद पडल्यावर सासूने सुरू केलेला हा धंदा तिने वाढवला. नवऱ्याची, लवूची, नोकरी गेली तेव्हा घर त्यावरच तरलं. आणि आता म्हणे नियम येणार होता की, डबे विकायचे तर राहत्या घराबाहेर वेगळा गाळा हवा. हा नियम सुचवणाऱ्याने बोरिवलीत गाळ्याचं भाडं कधी विचारलं होतं का, देव जाणे.

यामागे मोठ्या हॉटेलवाल्यांचा संघ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरचे स्वस्त डबे त्यांच्या डोळ्यांत खुपत होते. नियमावरच्या सुनावणीच्या दिवशी सुलक्षणा पोळ्या लवकर उरकून अन्न खात्याच्या कचेरीत पोचली, तर संघाची गार्गी साहेबांना पडद्यावर एक फोटो दाखवत होती.

"सर, घरून डबे देणाऱ्या महिलांचाही नियमाला पाठिंबाच आहे."

फोटोत पहिल्याच रांगेत सुलक्षणा होती, हातात वाण घेऊन छान हसत.

तिच्या डोक्यात तिडीकच गेली. संक्रांतीला याच गार्गीने हॉल घेऊन हळदीकुंकू ठेवलं होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं कोणती बाई मोडते? कुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला, बॅनरपुढे सगळ्यांचा फोटो निघाला. 'वेगळ्या स्वयंपाकघराला आमचा पाठिंबा' असं त्या बॅनरवर चांगलं ठळक लिहिलेलं होतं. पण या मुंबईत बॅनर वाचायला वेळ आहे कुणाला?

"साहेब, आम्ही हळदीकुंकवाला गेलो होतो," ती उठून म्हणाली. "पाठिंबा द्यायला नाही. फसवलंय आम्हाला."

"फोटोत तुम्हीच ना?"

"मीच, पण..."

"मग झालं तर. पुढचे कोण?"

घरी लवू वैतागला. "तुका कोणी सांगितल्यान थंय जावक?"

नियम आला. गाळा नाही तर परवाना नाही. परवाना नसलेला डबा नको, असं एकेका ऑफिसने कळवलं आणि गणपतीच्या आत तिचा धंदा बसला.

मग गार्गीचा फोन आला. "ताई, राग धरू नका हं. संघाचं मोठं किचन सुरू होतंय कांदिवलीला. पोळ्यांना तुमच्यासारखा हात हवाय."

सुलक्षणाच्या जिभेवर आल्या त्या शिव्या ऐकून गार्गीच्या सात पिढ्या जाग्या झाल्या असत्या. तिने त्या गिळल्या.

"किती वाजता यायचं?" तिने विचारलं.