मेलेल्याचं गाव विचारणारे मास्तर

मुडदे मास्तरांच्या तासाला एखादा तरी माणूस ठार झाल्याशिवाय घंटा होत नसे. कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, पण जीव अडकलेला होता ग्रीकांच्या जुन्या युद्धकाव्यात. हातातली छत्री हा त्यांचा भाला. तो जबड्यातून शिरल्यावर दात कसे उडाले, पोट फाटलेला माणूस आतडी सावरत गुडघ्यांवर कसा बसला, हे ते अशा चवीनं सांगत की पुढच्या बाकावरच्या मुली मधल्या सुट्टीत डबा उघडत नसत. मी उघडायची. त्यामुळे मी त्यांची लाडकी होते.

नुसतं ‘मेला’ म्हणून मात्र भागत नसे. “मेला हा आळशाचा शब्द हाय,” ते म्हणत. “कुणाचा पोरगा, कुठल्या गावचा, घरी वाट कोण बघालंय, ते सांगा. मग मारा.” त्या जुन्या कवीची तशी रीतच होती म्हणे. बापाचं नाव घेतल्याशिवाय तो कुणालाही मातीत लोळवत नसे, आणि शत्रूच्या पोरांनाही तोच मान देई. “आपल्या पोरासाठी कोणबी रडंल,” मास्तर म्हणत, “शत्रूच्या पोराचं गाव सांगायला छाती लागती.” एकदा परीक्षेत मी ‘या लढाईत पुष्कळ सैनिक मारले गेले’ असं लिहिलं. त्यांनी पेपर माझ्यासमोर आपटला. “पुष्कळ हे कुणाच्या पोराचं नाव?”

पन्हाळ्याच्या सहलीत वाटेवरच्या एका गावी आम्ही चहाला थांबलो. चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा दगड बसवलेला होता. गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत, एवढाच आकडा. मास्तरांनी त्या दगडावर छत्री इतक्या जोरात हाणली की तिची काडी मोडली. “साहेबाच्या देशात अशा दगडावर एकेकाचं नाव कोरत्यात. ती रीत त्यांनी ग्रीकांकडनं उचलली. आणि आमच्या पोरांना निस्ता आकडा?” सहल राहिली बाजूला. ते चावडीवर म्हाताऱ्यांना गोळा करून नावं विचारत बसले, आणि आम्ही पन्हाळा खालूनच बघून परत आलो.

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीतही हाच खेळ चाले. मेहनत झाली की पैलवान अंगाला तेल चोळत बसत आणि मास्तर त्यांच्यापुढे लढाई लावत. त्यांचा एकुलता एक मुलगा विजय तिथलाच पैलवान, आणि त्याचा जोडीदार माझा थोरला भाऊ दत्ता. दत्तानं शाळा केव्हाच सोडलेली. इंग्रजीची एक ओळ वाचता येत नव्हती, पण त्या युद्धातला एकेक मुडदा त्याला तोंडपाठ होता. मास्तरांनी कुणाला पाडलं की सगळी तालीम एका सुरात विचारी, “गाव कुठलं?”

आमच्याकडे तालमींचे फुटबॉल संघही असतात; एकदा त्याच तालमीच्या संघाचा सामना होता. गोलावरून मैदानात जुंपली, बाहेर दगड चालले आणि फाटकापाशी कुणीतरी तलवार काढली. ती विजयच्या डाव्या बरगडीखालून आत गेली. तो दत्ताच्या मांडीवर गेला. त्याच्या रक्तानं भिजलेला आपला शर्ट दत्तानं आईला धुऊ दिला नाही. रक्त वाळून कापडाचं पुठ्ठ्यासारखं झालं, तरी तोच अंगात.

मारणारा त्याच संध्याकाळी पकडला गेला. पण त्याचा धाकटा भाऊ कोडोलीत होता, आणि दत्तानं ठरवलं की आता तो. अंगणात बसून त्यानं कोयत्याला धार लावायला घेतली. आई पाया पडली, मी अंगावर धावून गेले. उपयोग झाला नाही. मला एवढंच दिसत होतं, की कोणीतरी एक पोरगा मरणार आणि माझा भाऊ फासावर जाणार.

तिसऱ्या दिवशी राख सावडून मास्तर थेट आमच्या दारात आले. हातांना अजून राख होती.

“कुणाला मारणार हाईस?”

“त्याच्या धाकट्याला.”

“नाव?”

“बाळ्या म्हणत्यात.”

“बापाचं नाव? घरात कोण कोण हाय?”

दत्तानं कोयत्याच्या धारेवर बोट फिरवलं.

“म्हाईत न्हाय? इतकी वर्सं मी काय शिकवलं रे तुला? जा कोडोलीला. सगळं इचारून ये. मग मी सोता म्हणतो, मार.”

दत्ता उठला, कोयता पोत्यात गुंडाळला आणि एसटीला गेला. पोरगा गेला म्हणून मास्तर भ्रमलेत, असं मला वाटलं. मी त्यांना तोंडावर तसं म्हणाले. त्यांनी पाणी मागितलं आणि ते तिथंच पायरीवर बसून राहिले.

दिवेलागणीला दत्ता आला. कोयता पोत्यातच होता.

“बाप तुकाराम,” तो म्हणाला. “गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालतोय. बाळ्या त्येच्याजवळच चिपाडं वडालाय. ल्हान हाय, मास्तर. मिसरूडबी न्हाय. आईला वाटलं मी थोरल्याचा निरोप घेऊन आलोय. ‘पावणं, जेवतोय न्हवं त्यो तुरुंगात?’ म्हणाली. भाकरी वाढली, काकवी वाढली.”

“खाल्लीस?”

“व्हय.”

“बरं. आता मार की.”

दत्तानं पोतं मास्तरांच्या पायाशी टाकलं आणि तो ढसाढसा रडला. मग त्यानं शर्ट काढून आईच्या हातात दिला. त्या क्षणी मला मास्तरांचे पाय धरावेसे वाटले. लाजेनं मी आत निघून गेले.

सुतक फिटल्यावर मास्तर वर्गावर आले. राहिलेल्या पानापासून सुरुवात केली, नेहमीसारखा छत्रीनं एकाला आडवा केला, त्याचा बाप सांगितला, गाव सांगितलं. मग पुस्तक मिटलं.

“एक मागचा राहिलाय,” ते म्हणाले. “नाव विजय. तलवार डाव्या बरगडीखालनं. गाव कोल्हापूर. बाप हितं उभा हाय.”

आता ते बाहेर जातील असं मला वाटलं. पण त्यांनी छत्री टेबलावर ठेवली आणि त्याच आवाजात पुढे सांगितलं, “मारणारा तुकारामाचा थोरला. बाप गुऱ्हाळावर जाळ घालतो. गाव कोडोली. घरी आई वाट बघाल्या.”