तिसरा खड्डा

मुलगी शाळेत जायला लागली आणि मी ठरवलं, आता नोकरी शोधायची. मधे सात वर्षं घरात गेली होती. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच येणार, म्हणून दाखवायला काहीतरी हवं होतं. हुडकेश्वरच्या आमच्या घरात वरच्या खोलीत नवऱ्याचा जुना डेस्कटॉप धूळ खात पडला होता. त्यावर मी उड्या मारत पळणाऱ्या माणसाचा एक छोटा गेम लिहिला, आणि कम्प्युटरने तो आपला आपण खेळायला शिकावा म्हणून जेनेटिक अल्गोरिदम.

त्याची रीत सोपी आहे. पन्नास खेळाडू सोडायचे, बटणं कशीही दाबणारे. बहुतेक पहिल्याच खड्ड्यात मरतात. जे जरा पुढे जातात त्यांच्या चालींची सरमिसळ करायची, मुद्दाम थोड्या चुका घालायच्या, आणि पुढची पिढी सोडायची. तीही मरते. हे तासन् तास चालतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं, बाई रिकामटेकडी आहे.

सासूबाईंना तसंच वाटायचं. शेजारणीला सांगताना मी जिन्यावरून ऐकलं, "दिसभर गेमच पाहून राहते वं. पोरीचा डबा तेवढा करते, नशीब." त्यांचा मला राग आला नाही. त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. समजावू शकेल असा एकच माणूस घरात होता, माझा नवरा. आम्ही एकाच कॉलेजात, एकाच वर्गात शिकलो. सासूबाईंनी जेवताना विषय काढला की तो नुसता हसायचा आणि भात वाढून घ्यायचा.

शेवटी एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, सोमवारी, व्हिडिओवर. त्याआधी शुक्रवारी सगळ्यांना पारशिवनीला लग्नाला जायचं होतं. माझा खेळाडू तिसऱ्या खड्ड्याशी अडला होता. आम्ही परत येईपर्यंत मशीन चालू राहिली तर तो पार होईल असा माझा अंदाज होता. पण सासरे गावाला जाताना इन्व्हर्टरसकट मेन स्विच बंद करतात, कुलूपबंद घरात करंट नको म्हणून. नवऱ्याला मी बजावलं, बाबांना सांग, या वेळी चालू ठेवा. तो "हो गं" म्हणाला.

रविवारी संध्याकाळी परतलो तर वरच्या खोलीत कम्प्युटर बंद, गार पडलेला. झालेल्या पिढ्या साठवलेल्या होत्या, पण पुढच्या जन्मल्याच नव्हत्या. सोमवारी माझा खेळाडू पडद्यावर पळाला, दोन खड्डे ओलांडले आणि तिसऱ्यात पडला. मुलाखत घेणाऱ्या बाई सभ्य होत्या. कळवतो म्हणाल्या, आणि कळवलंही. सलग अनुभव असलेला उमेदवार मिळाला होता.

मी सासऱ्यांशी बोलणं टाकलं. चहाचा कप त्यांच्यासमोर आदळून निघून जायचे. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय झालं वं? माझं काही चुकलं काय?"

"त्या दिवशी मेन स्विच काहून बंद केला, बाबा?"

ते गोंधळले. "मी इचारलं होतं ना त्याले. वरचा कम्प्युटर चालू आहे, ठेवू काय म्हटलं. तो म्हणे, बंद करा बाबा, गेमच आहे तिचा."

नवरा तिथेच सोफ्यावर मोबाइल पाहत होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी हेच अल्गोरिदम मी त्याला लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून शिकवलं होतं, आणि त्या पेपरात त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते.

सासऱ्यांना मी दुसरा चहा करून दिला. आता माझा राग ज्याच्यावर आहे, तो माणूस रोज माझ्या शेजारी गाढ झोपतो.